एकशे सतरा

सुईची मला काय भीती.
सोळा वर्षं ब्लाउज शिवतेय धनकवडीत.
सुई लागली की बोट तोंडात घालायचं
आणि पुढची टीप मारायची.
आता दिवसातून चार वेळा मुद्दाम टोचायचं,
बोट तोंडात घालायचं नाही,
थेंब पट्टीला दाखवायचा.
यंत्र पाचापासून उलटं मोजतं
आणि मी श्वास धरून उभी,
जणू पडद्याआड गिऱ्हाईक
नवा ब्लाउज घालून बघतंय.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात
दवाखान्यात लिंबाच्या वासाचं गोड पाणी पाजलं,
दोन तास बाकावर बसवलं,
मग कागदावर आकडा आणि त्याला लाल गोल.
सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे कुणाला नाही.
मी म्हटलं, आमच्याकडेही नाही.
मग दोघी शेवग्याच्या शेंगा सोलत बसलो,
लागतात त्याहून जास्त.

आहाराच्या तस्नीम मॅडम हळू बोलतात.
त्यांच्या टेबलावर प्लास्टिकची पोळी,
प्लास्टिकचा भात, अर्धं सफरचंद.
म्हणाल्या, भात सोडायचा नाही, मोजायचा.
मोजणं मला येतं,
छाती, कंबर, मुंढा, गळ्याची खोली.
पण भाताला वाटी असते एवढंच ठाऊक होतं,
वाटीला काठ असतो हे नव्हतं.

सकाळी एक भाकरी, मुगाची उसळ.
अकराला मूठभर फुटाणे.
बिनसाखरेचा चहा पहिले तीन दिवस
मयताहून आल्यावर देतात तसा प्यायले,
चौथ्या दिवशी त्याला आल्याची चव आली.
जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायचं.
गल्लीच्या टोकाला रसवंती आहे,
तिच्या घुंगरांसाठी
मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते.

नवनाथची शाळेची व्हॅन सुट्टीत उभी असते.
तो आंबा व्हॅनमध्ये बसून खातो,
दारं लावून, काचा वर करून, वैशाखात.
घरात येतो तेव्हा मिशीला वास,
आणि विचारतो, आज काय आकडा?
मी त्याला कधी बोलले नाही.

पण पेटी पलंगाखालीच होती.
रात्री दोनला पेंढा चाचपला,
मोरीपाशी उभ्यानं खाल्ला,
सालीची आतली बाजूसुद्धा दातांनी खरवडली.
पोटातलं लेकरू जागं झालं, बराच वेळ फिरत राहिलं.
मीही जागीच.
चारला बोट टोचलं. एकशे एकाहत्तर.
वहीत लिहिलं एकशे सतरा.
आकडे तेच,
फक्त अस्तर वर घेऊन शिवले.

सोमवारी मॅडमनी वही पाहिली.
मग यंत्र मागितलं.
मला कुठे माहीत, त्याला सगळं आठवतं.
बटण दाबत दाबत त्या मागे गेल्या,
एका रात्रीपाशी थांबल्या.
माझ्याकडे बघितलं नाही.
"हापूस?"
"पायरी."
"आख्खा?"
"कोय पण चोखली."
त्या खाली बघून हसल्या असाव्यात,
खांदे हलले.
मग तक्त्यात, दुपारच्या रकान्यात,
जेवणापासून लांब, बदामांच्या शेजारी
पेनानं लिहिलं: दोन फोडी. खाल्ल्यावर तपासणे.
एवढी माया सोडली त्यांनी.
शिवणीत आम्ही सोडतो तेवढीच,
बाहेरून दिसत नाही,
अंग भरलं तर उसवून घेता येते.

वहीतला एकशे सतरा मीच खोडला.
वर खरा लिहिला, बाजूला सही केली,
का ते ठाऊक नाही.

बसमध्ये एका मुलीनं जागा दिली.
स्वारगेटला पिशवीत पाव किलो काकडी घेतली,
रविवार पेठेतून हूक आणायचे राहिले.

रात्री जेवणानंतर एकशे एकोणतीस.
नवनाथ म्हणाला, नऊच तर जास्त.
मी एकशे एकोणतीसच लिहिलं,
चप्पल घातली,
आणि रसवंतीच्या बाजूनं निघाले.