चौथा कोपरा

सेगेदला, तिसा नदीच्या अलीकडे,
गार झालेल्या कॉफीसमोर बसून
मी कळांचे आकडे जुळवते आहे.
आठ ओळी, आठ रकाने.
जुन्या यंत्रात अक्षर हे अक्षर नव्हतंच,
एक तार आडवी, एक उभी,
बोट पडलं की दोघींची गाठ.

लॅपटॉपला यातलं काही ठाऊक नाही.
तो म्हणतो, एकोणतीस.
मी यादीत लिहिते: म्हणजे आपलं चौदा.
जकातनाक्यावर बसून कुणी
परकी नाणी मोडून द्यावीत, तशी.

काही कळा अनाथ निघाल्या.
‘थांब’ नावाची कळ आता कुठल्याच कीबोर्डावर नाही;
तिला एफ-बारावर बिऱ्हाड दिलं.
मधेच खिडकी बदलली
तर कळ सुटल्याची खबरच पोचेना,
पडदाभर एकच अक्षर धावत सुटे.
तेही निस्तरलं.

रविवारी बर्नाबाश आला. माझ्या वर्गातला.
आता टक्कल, गुडघ्यात स्क्रू.
वेंदेल मास्तरांचा पाढ्यांचा प्रोग्रॅम लावला
आणि न बघता तीन बोटं एकदम ठेवली,
मास्तर ठेवायचे तशी.
शाळेच्या यंत्रावरची
दोन तिरप्या रेघांच्या ‘ऊ’ची कळ
एका हिवाळ्यात तुटली, नुसतं भोक उरलं,
आणि सगळ्यांचे गुण त्याच अक्षराआड.

काहीच झालं नाही.
“खोटं आहे तुझं यंत्र,” तो म्हणाला,
आणि मला लागू नये म्हणून
आणखी केक मागितला.

रात्री उलगडलं.
चौकोनाचे तीन कोपरे दाबले
की वीज चोरवाटेने चौथ्यातून फिरते:
न दाबलेलं अक्षर दाबलं जातं.
कारागीर त्याला भूत म्हणतात.
कारखान्याने डायोडचे पैसे वाचवले होते;
मास्तरांनी त्या कंजुषीवर
अख्खा वर्ग चालवला.

मी फार नेटकं लिहिलं होतं.
नऊ ओळी घातल्या,
चूक जशीच्या तशी बसायला
पहाटेचे तीन वाजले.

तीन बोटं ठेवली.
पडदा जरा थरथरला, मग यादी.
बर्नाबाश, वीसपैकी अठरा (लबाड, माझं बघून).
शेवटून दुसरं:
बोग्लार्का, अकरा. सातचा पाढा पुन्हा.

सात साती एकोणपन्नास.
सात आठे

सांगते, मास्तर. आठवतंय.