सात दिवस, सहा रात्री

हर्षदने मोंबासाहून धाडलेला कागद
गऱ्यांचं ताट सारून पसरलाय टेबलावर.
दिवस पहिला, नैवाशा: सरोवर, पाणघोडे.

"तळी बघायला एवढ्या लांब?"
हे विचारतात, समुद्राकडे पाठ करून, सुपारी कातरत.
गोडं पाणी आहे हो ते,
पलीकडचा काठ दिसत नाही म्हणे.
अडकित्ता थांबतो.
आमच्या वेळासची विहीर
एप्रिलातच मचूळ होते.

जानेवारी नको, खोल्या भरलेल्या.
मार्चात कासवांची पिल्लं, मेमध्ये आंबा.
म्हणजे ऑगस्ट. होड्या शाकारलेल्या,
घरात फक्त आपण आणि बुरशी.
तेव्हाच तिकडे, हर्षद लिहितो,
हजारो जनावरं नदी ओलांडतात,
मगरी वाट बघत असतात.
"आपल्या एसटी स्टँडसारखं," हे म्हणतात.

दिवस पाचवा: मसाई गावाला भेट, एक तास.
नाच. मण्यांच्या माळा. घरात शिरता येईल,
फोटोला परवानगी.

इथे माझं बोट अडलं.
गेल्या नाताळात पुण्याची एक बाई
माझ्या चुलीवर फोन रोखून म्हणाली,
ताई, तो गॅस जरा झाकता?
झाकला मी. पंचा टाकून.
मोदकांचे पैसे मग वेगळे लावले.

"खोड तो दिवस," हे म्हणाले.
नको, राहू दे.
समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं:
कोकमाची एक बाटली, नीट बांधून.
आणि त्या घरच्या बाईला विचारायचं,
आम्ही येताना तू काय झाकलंस?

"कुठल्या भाषेत?"
हे विचारतात,
आणि अडकित्ता पुन्हा सुरू.