लाकडी अंडं

उन्हात वाळवलेलं समुद्रशेवाळ
घरट्यांत अंथरतो आम्ही, एप्रिल सरता सरता.
मग कुत्रा बांधून ठेवायचा,
बाळ निजलेल्या घरात बोलावं तसं बोलायचं
आणि रोज तोच राखाडी स्वेटर.
आयडर बदकीण माणसाला नाही, स्वेटरला ओळखते,
असं बेर्गिटआत्या म्हणायची.

यंदा तिसऱ्या घरट्यात चार अंड्यांजवळ पाचवं, लाकडी,
पोटात तापमापक. सुन्निवाने ठेवलं.
शेजारच्या बेटावरची पोर,
परवापर्यंत माझ्या दारात वाफल मागायची,
आता जनावरांची डॉक्टर.

तिच्या पडद्यावर एक रेघ चालते.
बदकिणीचं अंग एरवीही चाळीसच्या वर.
"म्हणजे आपण बरळायला लागतो," मी म्हटलं,
"ते हिचं रोजचं हवामान."
अंड्यापर्यंत पोचते ती थोडी निवलेली ऊब,
पण चढउतार तोच.

जूनमध्ये आमच्या नॉर्वेच्या या टोकाला सूर्य बुडत नाही.
मध्यरात्री मी बाहेर बसून जाळी विणते.
तरी त्या रेघेत दर रात्री एक खळगी पडायची,
वात जराशी खाली ओढावी तशी.
एवढ्या उजेडात
तिच्या अंगात रात्र होत होती.

अकरा तारखेला खळगी पडली नाही.
बाराला रेघ वर.
मान आत, पिसं फुगलेली,
डोळ्यावर ते पातळ, दुधी झाकण.
खाडीपलीकडे नऊ मेल्या होत्या आधीच.
रक्तात जंतू, सुन्निवा म्हणाली,
गोड्या पाण्याच्या डबक्यातून आले असतील.

माझ्या हातात ओलं फडकं होतं. कशाला, कोण जाणे.
माझ्या कपाळावर आई रात्रभर पट्ट्या बदलायची, तेवढंच ठाऊक.
"राहू दे," सुन्निवा म्हणाली,
"ताप तिला चढला नाहीये. तिने चढवलाय."

एकोणीस दिवस पोटात दाणा नाही.
छातीवरची चरबी हेच सरपण,
त्यातच अंडी उबवायची, त्यातच जंतू भाजायचे.
कुठली ऊब कुणासाठी,
अंड्यांना काय कळणार.

चौदाला रेघ घसरली. तीन अंश, दुपारपर्यंत.
"सरपण संपलं?"
सुन्निवा बराच वेळ गप्प.
"किंवा तिने स्वतःच विझवत आणलंय, उरलेलं पुरावं म्हणून.
दोन्हीची रेघ सारखीच दिसते."

पहाटे तीनला मी स्वेटर घालून गेले.
तिच्या पोटाखाली हात सरकवला.
चोच उगारली नाही तिने.
सुन्निवाच्या हिशेबाने ती गारठली होती;
माझ्या हाताला मात्र
कढत लागली.

चौथ्या घरट्याकडे जायचं तर आधी हात धुवायला हवे होते.
साबण खाली, धक्क्यावर.
मी तिथेच बसून राहिले,
हात स्वतःपासूनही लांब धरून.