पाठ कोरी

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या छापखान्यात
बाद नोटा शोधल्या.
शाई फुटलेली, आकडा घसरलेला, कड तिरपी कापलेली,
थप्पीवरून बोट फिरवलं की कळायचं.
सुटताना गेटवर झडती.
घरी यायचा तो हाताला शाईचा वास, बाकी काही नाही.

म्हणून सातपूरच्या जर्मन कंपनीत आलेला लुट्झ
मेव्हण्यासोबत आमच्याकडे जेवायला आला
आणि त्यानं थालीपिठाच्या ताटाशेजारी
पणजीच्या कपाटातली एक नोट ठेवली,
तेव्हा मी आधी हात धुऊन आलो.

दोनशे अब्ज मार्क.
पंधरा ऑक्टोबर, एकोणीसशे तेवीस.
सवयीनं उजेडाला धरली, सवयीनं उलटी केली.
पाठ कोरी.
आमच्याकडे असा एक कागद सापडता
तर अख्खी पाळी रात्रभर बसवली असती.
"दुसरी बाजू छापायला वेळ नव्हता," लुट्झ म्हणाला.
"शाई वाळेपर्यंत पाव महागायचा."

पणजी पियानो शिकवायची.
नवरा युद्धात गेला, त्याच्या विम्याची रक्कम
कंपनीनं पाकिटात घालून पाठवली.
पाकिटावरचं तिकीट त्या रकमेहून महाग होतं.
(तिकिटं आमच्याच आवारात छापतात, भिंतीपलीकडे.
मला उगाच अपराध्यासारखं वाटलं.)

मी म्हटलं, मग यातूनच तो आला.
शाळेत असंच शिकवलं होतं,
हातगाडीभर नोटा, आणि लगेच पुढच्या ओळीत तो.
लुट्झनं मान हलवली.
"नाही. मधे दहा वर्षं आहेत.
नवी नोट निघाली, बारा शून्यं पुसली,
नाचघरं उघडली, पणजीनं टोपी घेतली."

बारा शून्यं.
मी हिशेबी माणूस. विचारलं, पुसलेली शून्यं गेली कुठे?

त्यानं पाणी प्यायलं.
आरशांच्या महालात झालेल्या सहीचं सांगितलं,
आणि घरी आलेल्या सैनिकांना कुणीतरी पुरवलेलं वाक्य:
आपण हरलो नाही, पाठीत सुरा बसला.
कुणी खुपसला, हे चौकाचौकात ठरत गेलं.
मग पुन्हा बँका बुडाल्या.
साठ लाख माणसं बेकार,
संसद भरायची आणि मोडायची,
वटहुकमांवर चाललेला देश,
आणि वरचे जुने, घरंदाज लोक म्हणत होते,
येऊ द्या त्याला, आपण वापरून घेऊ.

बत्तीसच्या जुलैत शंभरातल्या सदतीस जणांनी त्याला मत दिलं.
"पणजी त्या सदतीसांतली," लुट्झ म्हणाला.
"वाईट नव्हती. मांजरं पाळायची.
तळमजल्यावरच्या डॉक्टर लेवीननी
माझ्या आजोबांचा घटसर्प बरा केला होता, फी न घेता.
त्यांना नेलं तेव्हा ती पडद्याआड उभी होती.
नंतर तिनं पडदे बदलले."

थालीपीठ गार झालं.
बायकोनं लोणी पुढे केलं. त्याला ते फार आवडलं,
दोनदा घेतलं.

जाताना नोट मलाच दिली. म्हणाला, तुम्हाला कळते.
आता ती माझ्या पेन्शनच्या पुस्तकात आहे.

परवा उपनगर नाक्यावर, टपरीपाशी,
आमच्याच पाळीतला निवृत्त सोमवंशी
मोबाइलवरचं मोठ्यानं वाचून दाखवत होता.
भाव, नोकऱ्या, पोरांची लग्नं.
"सगळं त्यांच्यामुळे," तो म्हणाला.
त्यांच्या म्हणजे कुणाच्या, कुणीच विचारलं नाही.
सगळ्यांना ठाऊक होतं.

बोटाला काहीतरी खरखरलं,
थप्पीत बाद नोट लागायची, तसं.
एकतीस वर्षं त्या क्षणी
मी हात वर करायचो आणि मशीन थांबायचं.

मी कप खाली ठेवला.
वीस रुपये दिले.
सुट्टे दोनदा मोजून घेतले.