टॉवेलवरचं कार्ड

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या कारखान्यात
ऑर्डरचा रंग आधी नाल्याला कळतो.
मागल्या महिन्यात तो निळा वाहत होता,
आता गुलबक्षी.
म्हणजे जर्मनीत कुठेतरी
हॉटेलची न्हाणीघरं गुलबक्षी होणार,
असं अंबूबाई गज्जम म्हणते
आणि दातानं दोरा तोडते.

माझं काम शेवटचं.
घडी घालायची, काठ जुळवायचे,
वर एक कार्ड ठेवायचं, हिरवं पान छापलेलं.
सुपरवायझरला विचारलं, काय लिहिलंय?
म्हणाला, पाहुण्यांना विनंती आहे,
टॉवेल पुन्हा वापरा, पाणी वाचवा,
पृथ्वी वाचवा.

दिवसाला नऊशे कार्डं.
नऊशे वेळा पृथ्वी वाचवते
आणि सहाला सुटते.

दारातच सासू तेलुगूत विचारते, नीळ्ळु?
जशी मी पदरात बांधून आणणार होते.
पाणी परवा. तेही रात्री दीडला,
नळ आधी खोकतो, मग गल्ली उठते.
पिंपात चार बोटं उरलंय.
बोअरचं घ्यावं, तर त्यालाही हल्ली
ऑर्डरचा रंग येतो.

नखांत गुलबक्षी तशीच ठेवून
हात कोरडेच पुसले
खुंटीवरच्या रिजेक्ट टॉवेलला.
एक काठ तिरका गेला,
तेवढ्यानं त्याचं परदेश हुकलं.

तीन वर्षं झाली,
पाच माणसं तोच वापरतोय,
पुन्हा, पुन्हा.
आम्हाला कुणी
कार्ड दिलं नव्हतं.