पितळ

तुळशीबागेत, भांड्यांच्या दुकानाला लागून,
निलोफर माझी बट उजेडात धरते.
"राखाडी केले होते ना? पितळ झालंय."
धायरीचं टँकरचं पाणी, मी म्हणते,
जसं काही ब्लीच त्यानंच केलं होतं.

पिवळ्यावर जांभळा, केशरीवर निळा.
दोन बाटल्या पुढ्यात.
आपण पिवळ्या की केशरी
हे सत्तावन्नाव्या वर्षी
विशीतल्या पोरीला विचारायचं.

"जांभळाच न्या. आठवड्यातून एकदा, तीन मिनिटं.
फोनवर बोलत बसलात तर वांगं होईल."

शेजारी कुणीतरी विचारतंय,
पातेल्याला कल्हई करून मिळेल का.
मीही मान वळवते, उगाच.

बाटली पिशवीत टाकते, चिंचेच्या पुडीशेजारी.
चिंच समईसाठी.
घरी गेल्यावर अदलाबदल नको.