अकर्मक

शुक्रवारी जुम्म्यानंतर मेसची टेबलं पुसून झाली
की मी फ्रीजच्या दारावर मार्करने लिहितो. फळा नाही.
सोहार. पोर्टकडून गंधकाचा वास, एसी अर्धा चालू.
समोर तिघं: गुहागरचा घाग, बाणकोटचा मुकादम,
आणि टेकबहादुर, ज्याला सगळंच तिसऱ्या भाषेत शिकावं लागतं.
सेफ्टी सुपरवायझरची परीक्षा. पेपर इंग्रजीत.

कर्म उचलून पुढे आणा, मी म्हणतो,
क्रेनने पाइप उचलतात तसं, आधी तोल बघून.
मग टु बीचं रूप, काळाच्या मापाचं.
मग क्रियापद, तिसऱ्या रूपात.
शेवटी बाय आणि कर्ता.
बाय ऐच्छिक. गाळलं तरी मार्क कापत नाहीत.

‘मग कर्ता जातो कुठे, परकारसर?’
जात नाही रे, एसीत बसतो.
हसले. मीही हसलो.

उदाहरणं लांबून आणावी लागत नाहीत.
पासपोर्ट्स आर केप्ट इन द ऑफिस.
द गेट इज लॉक्ड ॲट टेन.
सॅलरी हॅज बीन डिलेड.
हे शेवटचं टेकबहादुर तीनदा म्हणतो, उच्चारासाठी.

आपल्याकडे कर्त्याला ‘ने’ चिकटतं.
मुकादमने पाना उचलला, कुलूप लावलं, दोरी सोडली.
क्रियापद ऐकतं वस्तूचं,
पण मुकादम वाक्यातच उभा असतो, हात तेलकट.
मुकादम म्हणाला, दुसरं नाव घ्या ना सर.

दिवसा मी डॉक्युमेंट कंट्रोलर. सोळा वर्षं वाक्यं धुतोय.
‘फोरमनने फळी काढली’ असं आत येतं,
‘फळी काढण्यात आली होती’ होऊन बाहेर पडतं, इस्त्रीसकट.

टेकबहादुरची शंका: आय वॉज बॉर्न. याला बाय का नाही?
असतं, पण कुणी लिहीत नाही.
इंग्रजीत जन्म असाच, आई गाळून.
तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

आता शेवटचा नियम. ज्याला कर्म नाही, त्याला पॅसिव्ह नाही.
स्लीप, गो, अराइव्ह, डाय, फॉल.
झोपणं, पोचणं, मरणं, पडणं
ज्याचं त्यालाच करावं लागतं.

मग दहा वाक्यं लिहायला दिली.
घागने अकरावं लिहिलं, न विचारता:
शंकरय्या वॉज फॉलन फ्रॉम लेव्हल थ्री.

मी लाल पेनाचं टोपण काढलं.
चूक आहे. साधं फेल हवं.
शंकरय्या फेल. पडला. त्याचा तो.
मार्चमधला रिपोर्ट मीच टाइप केला होता,
व्याकरणाची एकही चूक नव्हती त्यात.
द हार्नेस वॉज नॉट वॉर्न.
त्या तारखेला रजिस्टरमध्ये सोळा सह्या आहेत
आणि स्टोअरमधून निघालेले हार्नेस अकरा.
रजिस्टर कपाटात ठेवण्यात आलं आहे.
किल्ली माझ्या कमरेला.

घाग माझ्याकडे बघत नव्हता,
बाटलीचं झाकण लावत होता, काढत होता.
मी बरोबरची खूण केली नाही. फुलीही मारली नाही.
परीक्षेत असं लिहू नकोस, एवढंच म्हणालो.
‘ठाऊक आहे,’ म्हणाला.

सगळे गेल्यावर दार पुसायला घेतलं.
मार्कर चुकीचा होता बहुतेक, कायमचा.
थिनर लावला. टु बी गेलं, तिसरं रूप गेलं,
बाय मात्र फिकट होऊन राहिलं,
त्याच्यापुढे नुसता पांढरा पत्रा.
रात्री कुणीतरी पाण्यासाठी दार उघडलं.
आतला दिवा लागला.